माझ्या बापाचं बारसं

कमलनगरच्या ठेसनावर माय मला सोडायला आली तेव्हा तिच्या हातात एकही बांगडी नव्हती, आणि गाव सुटायच्या दुःखापेक्षा मला त्याचाच राग जास्त आला होता. पत्र्याची पेटी, धपाट्यांचं गाठोडं, वर लसणाची चटणी बांधलेली पुरचुंडी, एवढं माझं सामान. बिदरकडं जाणारी गाडी धूर सोडत उभी होती. मी पदरात तोंड खुपसलं तशी माय म्हणाली, "रडायलीस कामून? शिकायला जायलीस, काय फासावर जायलीस का? रडायचंच असल तर गाडी हालल्यावर रड, हितं लोकं बघायलेत." गाडी हलली. मी काही रडले नाही. खिडकीतून मागं बघितलं तर मायच फलाटावर फतकल मारून, लोकांदेखत, खुशाल रडत बसली होती.

गावात राहिलेल्या माझ्या भावंडांनो, आणि माझ्यासारखंच पेटी उचलून हैदराबाद, सोलापूर, पुणं गाठलेल्यांनो, पुढची गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलेली आहे. पण प्रत्येकजण ती वेगळीच सांगतो. कुणी म्हणतं शेवंताचा बाप तुपाच्या रांजणात बुडाला, कुणी म्हणतं गाईनं त्याला खरंच जन्म दिला. अरे बाबांनो, ते बाळंतपण मी केलंय! तेव्हा आता माझ्याच तोंडून ऐका.

माझा बाप गणपत. डावरा माणूस, तोंडानं तापट, हातानं कसबी. मी लहान होते तेव्हा जहागीरदाराचा एक कारिंदा आमच्या बैलांची वेसण धरून त्यांना वेठीला न्यायला लागला. बापानं जू उचललेलं होतं, त्याचीच शिवळ, म्हणजे लाकडी खुंटी, उपसून कारिंद्याच्या डोक्यात घातली. कारिंदा आडवा. बाप तिथूनच पळाला, अंगावरच्या बंडीनिशी, भीमेपलीकडं इंग्रजांच्या हद्दीत. कारिंद्याला टाके पडले आणि महिन्याभरात तो पुन्हा पान खात हिंडायला लागला, पण बापाला ते कळायला हवं ना! त्याला वाटलं, आपल्या हातून खून झाला. निरोप धाडावा तर तो पोलिसांच्या हाती पडून घरच्यांचे हाल होतील, म्हणून त्यानं निरोपही धाडला नाही. इकडं आम्ही वाट बघत बसलो.

बारा वर्षं बेपत्ता राहिलेल्या माणसाला आमच्याकडं मेलेलं धरतात. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज गेलं, लोक आपापल्या गावी परतले, आणि बाप काही आला नाही. मग मारुतीकाका, म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, जोशीबुवांना घेऊन आला. देह नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, तेरावं घालायचं, असं ठरलं. माय ऐकेना. तिचं एकच, "मला सपनात सुदिक मेलेला दिसला न्हाई." शेवटी जोशीबुवा म्हणाले, "केराबाई, गेला असंल तर त्याचा जीव पाण्यावाचून तळमळायलाय. पाणी देणारं कुणी न्हाई त्याला." त्या बोलण्यानं माय ढेपाळली. त्याला पाणी मिळावं म्हणून तिनं हात पुढं केले आणि बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या. मी तिथंच उभी होते. गल्लीत लोक तेराव्याची बुंदी वाखाणत घरी गेले.

बापाचा पत्ता नसल्यानं माझी सोयरीक कुठं जमत नव्हतीच. त्यात कमलनगरला एक लेडी डॉक्टर आली होती. उर्दू चौथी शिकलेली मुलगी आहे म्हटल्यावर तिनं माझं नाव गुलबर्ग्याला दाईच्या शिक्षणासाठी धाडलं. अशी मी त्या गाडीत बसले.

गुलबर्गा म्हणजे काय सांगू तुम्हाला! पहिले काही महिने माझी जीभच गोंधळून गेली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई हुकूम सोडायच्या उर्दूत, बायका कळा द्यायच्या कन्नडमध्ये, आणि मी घाबरले की मराठीत ओरडायची. ड्यूटी, वार्ड, केस, टेंपरेचर हे शब्द घरच्या शब्दांसारखे तोंडात बसले. गावाकडं पहाटे जात्यावर उठायची ती मी आता घंटेवर उठायला लागले. राहायला गंगाक्काच्या घरामागची खोली मिळाली. गंगाक्का लिंगायत, तुरीच्या डाळीच्या व्यापाऱ्याची बायको, गळ्यात लिंग, कपाळभर विभूती आणि आवाज असा खणखणीत की गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. मी ड्यूटीवरून आले की दारातूनच विचारायची, "ऊटा आयता?" जेवलीस का, एवढंच त्याचं मराठी. मी खोटंच हो म्हटलं तरी ताटली यायचीच. तरी सणाला खोलीचं कुलूप काढताना आत कुणी नाही हे माहीत असूनही मी कडी वाजवायची. वेडीच होते.

तर एकदा अफजलपूरकडं कँप निघाला. खेड्यापाड्यांतल्या अडलेल्या बायका बघायच्या, टोचायचं, औषधं द्यायची. भीमेच्या काठच्या एका घरात मी बाळंतपण करून मोकळी झाले, बाळ पुसलं, आणि पाळण्यात ठेवायला गेले. पाळण्याची दोरी हाताला लागली आणि माझा हात तिथंच थांबला.

दोरी उलट्या पिळाची होती. आपल्याकडं सगळ्यांच्या दोऱ्या एकाच बाजूला वळलेल्या असतात, हे तुम्हा शेतकऱ्यांना मी काय सांगावं. डावरा माणूस दोर वळतो तेव्हा पीळ उलटा पडतो. आमच्या घरातली दावी, कासरे, मोटेचं नाडं, सगळं असंच उलटं होतं, आणि बैल सोडायला आलेला सालगडी त्यावरून रोज शिव्या घालायचा. त्यात टोकाला दुहेरी गाठ मारून शेपटीसारखा झुबका सोडायची बापाची खोड होती. तो झुबका या पाळण्याला होता!

"ही दोरी कुणी वळली?" मी एवढ्या जोरात विचारलं की बाळंतीण दचकली.

तिची सासू म्हणाली, "गुऱ्हाळावरचा येडगै अज्जा वळतो की. का गं बाई?"

येडगै म्हणजे डावखुरा. मी हात तसेच, धुतलेले न धुतलेले, पदराला पुसले आणि उसाच्या फडातून पळत सुटले. चपला कुठं राहिल्या ते अजून आठवत नाही. डॉक्टरीणबाई मागून "शेवंता, पागल हो गई क्या?" म्हणत होत्या आणि मला खरंच वेड लागायचं बाकी होतं.

गुऱ्हाळावर काहील उकळत होती. फेसाचा पिवळा डोंगर वर आलेला, आणि एक वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस डाव्या हातानं मळी काढत उभा होता. मला वाटलं होतं, बाप दिसला की मी ओळखीन. खोटं कशाला सांगू, तोंडावरून नाही ओळखलं. त्याचा तो डावा हात ओळखला. मी धापा टाकतच म्हटलं, "अप्पा, तुमचं गाव कंचं?"

तो न बघताच म्हणाला, "मला गाव न्हाई."

"कमलनगरकडचं न्हाई का? गणपत न्हाई का तुम्ही?"

झारा काहिलीत पडला. पाक करपायला लागला तसा गुऱ्हाळाचा मालक ओरडत आला, पण बापाचं लक्षच नव्हतं. तो माझ्याकडं बघतच राहिला आणि मग हळूच म्हणाला, "शेवंती हायस का?" बस्स! मी त्याच्या गळ्यात पडले. त्याच्या बंडीला गुळाचा वास होता आणि माझ्या लुगड्याला फिनेलचा. आम्ही दोघं इतके रडलो आणि इतके हसलो की मालकानंच शेवटी काहील उतरवली आणि आम्हा दोघांना गरम गुळाचे खडे दिले.

आता लगेच गावाला निघायचं, असं मी धरूनच चालले होते. मायला आधी काय सांगायचं, कसं सांगायचं, हे मनात जुळवायलाही लागले होते. तर बाप म्हणतो, "मी न्हाई येत."

"कामून? त्यो कारिंदा तर तवाच बरा झाला."

"मी मेलेला माणूस हाय, पोरी."

तेव्हा मला सगळं कळलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर तो अफजलपूरला आला होता, पण राज बदललं तरी जुने खटले मिटतात का, हे त्याला कुणी नीट सांगेना. शेवटी धीर करून तो कमलनगरपर्यंत आला. ठेसनाजवळच्या हाटेलात चहा घेत बसला होता. शेजारी एक परगावचा माणूस बुंदीची तारीफ करत होता. कुणाच्या घरची म्हणून बापानं विचारलं, तर तो म्हणाला, गणपतचं तेरावं होतं, पळसाचं मढं जाळलं, काय जेवण होतं म्हणून सांगू! माझ्या बापानं स्वतःच्या तेराव्याच्या जेवणाची स्तुती ऐकत चहा संपवला आणि आल्या पावली परत गेला. कारण ज्याचे दिवस घातले तो माणूस घरात शिरला तर घराचा निर्वंश होतो, हे आपण सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलंय. मला काही होईल, मायला काही होईल, म्हणून तो उंबऱ्याच्या इतक्या जवळ येऊन मागं फिरला. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया आली की कुठलं आधी करावं कळेना.

त्याला कसाबसा गुलबर्ग्याला आणला. तिथंही खोलीत पाय ठेवीना! बाहेर कट्ट्यावरच पथारी टाकली. गंगाक्कानं विचारलं, "हा कोण गं?" मी म्हटलं, माझे वडील, मेलेत म्हणून आत येत नाहीत. गंगाक्कानं कपाळाला हात लावला. "अय्यो शिवा! मेलेला माणूस माझ्या जोळद रोट्टी, जवारीच्या भाकरी, चार खातो?" पण ती शहाणी. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "भीती त्याच्या मनात हाय, तू भांडू नको. ज्या ब्राह्मणानं मारला, त्यालाच जिता करायला सांग." मी त्याच दिवशी सुट्टी टाकली.

हुमनाबादवरून बिदर, बिदरवरून गाडीनं कमलनगर. सगळ्या वाटेत बाप खिडकीतून बोट दाखवत होता. हे झाड नव्हतं, ती विहीर होती, भालकीचं ठेसन केवढं झालं! लहान पोरगं जत्रेला जावं तसा खुश. गाव जवळ आलं तसा मात्र गप्प होत गेला. वेशीबाहेरच्या मारुतीच्या देवळात बसला आणि म्हणाला, "पुढं तू जा."

मी गावात शिरले आणि ओरडतच गेले, लाज कसली त्यात! "अप्पा आलाय, माझा अप्पा आलाय!" मारुतीकाका पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसाच बसला खाली. गाव देवळाकडं लोटलं. फक्त माय आली नाही. ती चुलीपुढं होती. मी सांगितलं तेव्हा तिनं तव्यावरची भाकरी उलटली, पुन्हा उलटली, आणि विचारलं, "इतके दिस कुठं व्हता?" मी सगळं सांगितलं. कमलनगरचा चहा सांगितला. तिनं विस्तव बाहेर ओढला, पाणी मारलं आणि म्हणाली, "मला काही बोलायचं न्हाई." मी लाख विनवलं, ती जागची हलली नाही.

इकडं देवळात जोशीबुवा डोकं खाजवत होते. म्हणाले, "शास्त्र हाय. माझ्या गुरुजींनी सांगितलं व्हतं, पण असा परत आलेला मी पहिल्यांदाच बघायलोय." उपाय असा की मेलेल्यानं पुन्हा जन्मायचं. तुपानं न्हायचं, गाईच्या तोंडापुढून जन्म घ्यायचा, सुपात ठेवायचं, बारसं करायचं, आणि मग बायकोशी नव्यानं लग्न. एवढं केलं की माणूस नवा कोरा, घरात यायला मोकळा.

माणसाला न्हाऊ घालायला तूप कुठून आणायचं? कुणीतरी म्हणालं, पळी पळी गोळा करू. अहो, काय सांगू, घराघरांतून वाट्या यायला लागल्या! तेलंगी कुंभाराच्या घरून आली, लिंगायत वाण्याच्या घरून आली, मोहल्ल्यातल्या हुसेनचाचांनी तर डबाच पाठवला आणि निरोप दिला, "गणपतसे बोलो, पैदा होनेकी मुबारकबाद." तुमच्यापैकी कितीजणांच्या घरची वाटी त्यात होती हे मला आज कुणी विचारलं तर मी नावं घेऊन सांगेन. गाव सोडून गेलेल्या माझ्यासारखीला गावानं दिलेलं एवढं मोठं काही दुसरं नाही.

बापाला मारुतीच्या आवारात बसवून तुपानं न्हाऊ घातलं. मिशांवरून ओघळ. मारुतीकाकानं आपली गाय आणून उभी केली. बायकांनी चारी बाजूंनी लुगडी धरली आणि पांढऱ्या धोतरात गुंडाळलेला माझा बाप, गुडघे पोटाशी घेऊन, गाईच्या तोंडापुढं बसला. गाईला तुपाचा वास आला. तिनं त्याचं डोकं असं चाटायला घेतलं की थांबेना!

"नाळ कोण कापणार?" जोशीबुवांनी विचारलं. गावची जुनी दाई कधीच वारली होती.

"गुलबर्ग्याची सरकारी दाई हाय की हितं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी मला पुढं ढकललं.

मी कात्री आधी पाण्यात उकळून घेतली. खऱ्या नाळेच्या जागी सुताचा धागा होता, तरी घेतली, हाताची सवय. लोक पोट धरून हसले. मी धागा कापला. मग बाळाला सुपात ठेवायचं, तर सुपात मावलं किती? दोन पावलं. तेवढाच बाप सुपात ठेवला आणि बाकीचा बाहेर राहू दिला.

"बाळ रडलं पायजे," बायका म्हणाल्या. "रडल्याबिगर जित्ता कसा म्हणावा?"

बाप रडेना. त्याला हसूच येत होतं. मी पाठीवर चापट मारली, आम्ही नवं मूल रडलं नाही की मारतो तशी. तरी हसतोय! जोशीबुवा घाबरे झाले, कारण मुहूर्त टळायलाय. बायका म्हणतात चिमटा काढ. आणि तेवढ्यात लुगड्यांचा पडदा बाजूला झाला आणि माय आत आली.

पांढऱ्या कपाळाची, रिकाम्या हातांची माझी माय त्याच्यापुढं उभी राहिली आणि गावादेखत म्हणाली, "तुला पाणी मिळावं म्हणून म्या बांगड्या फोडल्या. आन् तू कमलनगरला येऊन चहा पिऊन माघारी गेलास?"

बापानं तिच्या हातांकडं बघितलं. आणि मग जो हंबरडा फोडला, बाबांनो, गाय दोन पावलं मागं सरली. असा रडला की त्याला बोलता येईना. मग मागून कुणीतरी बाई म्हणाली, "रडलं गं बाई, बाळ रडलं!" आणि सगळं आवार हसण्यानं नि रडण्यानं एकच झालं. मी तेव्हा कुठल्या बाजूला होते ते मलाच माहीत नाही.

बारशाला नाव आत्यानं ठेवायचं असतं. बापाला जिवंत आत्या नव्हती, म्हणून तो मान जिनं नाळ कापली तिला मिळाला. गणपत हे नाव तर जाळून झालेलं. कुणी म्हणे रामचंद्र, कुणी म्हणे विश्वनाथ. मला मात्र आपली रीत आठवली. एक मूल दगावलं की पुढच्याचं नाव हलकं ठेवायचं, म्हणजे यमाचं लक्ष जात नाही. मी बापाच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "दगडू!" बायकांनी कुर्रर्र केलं. दगडूनं मान डोलावली आणि घुगऱ्या मागितल्या, कारण सकाळपासून त्याला कुणी खायलाच दिलं नव्हतं.

आता राहिलं लग्न. जोशीबुवांनी पाट मांडायला सांगितले, कुणी अक्षतांचे तांदूळ निवडायला घेतले.

"कुणाचं लगीन?" मायनं विचारलं.

"तुमचंच की, केराबाई."

"मला कुणी इचारलं?"

तांदूळ निवडणाऱ्या बायकांनी ताट खाली ठेवलं. माय म्हणाली, "पहिल्यांदा कुणी इचारलं न्हाई, तवा मी परकर नेसायची. बांगड्या फोडताना इचारलं, तेबी पाण्याचं भ्या घालून. ह्यो दगडू नवा माणूस हाय म्हणता ना? मग नव्या माणसानं मला इचारावं. मला पटलं तर हो म्हणीन, न्हाईतर आल्या वाटंनं जावं त्यानं."

मायला मी ओळखते. ती नाही म्हणाली असती तर देवानंही तिला हो म्हणायला लावलं नसतं. तिनं नाही म्हटलं की बाप जन्मूनही पोरका, गुऱ्हाळावर परत.

बाप उठला. धोतर सावरलं. डोक्याला तूप, अंगाला गाईची लाळ, असा नवरदेव. म्हणाला, "शेवंतीची माय, मला तुझ्यासंगं ऱ्हायचंय. माझं चुकलं. भ्यालो मी. तू न्हाई म्हणलीस तर मी जातो, राग धरणार न्हाई."

"राग तू कशाला धरशील? राग माझा हाय."

"व्हय."

"जिथं माझ्या बांगड्या फोडल्या त्या घरात मी पुन्हा नांदणार न्हाई."

मारुतीकाकानं मान खाली घातली. बाप म्हणाला, "न्हाई नांदायचं."

"मग कुठं ठिवशील मला?"

"माझ्याकडं!" मी ओरडले.

"तुला इचारलं न्हाई शेवंते, गप बस." लोक हसले, ती हसली नाही. बापाकडंच बघत राहिली.

बाप म्हणाला, "लेकीपाशी ऱ्हाऊ. गुऱ्हाळाच्या दिसांत मी अफजलपूरला जाईन, आठवड्याला येत जाईन."

"जाताना सांगून जायचं."

"सांगून जाईन."

"दारापोत्तर जायचं असलं तरी."

"दारापोत्तर जायचं असलं तरी सांगीन."

मायनं एवढा वेळ घेतला की जोशीबुवा उभ्याचे बसले. मग ती त्यांच्याकडं वळून म्हणाली, "आधी कासाराला बोलवा."

गावात असा आरडाओरडा मी पुन्हा कधी ऐकला नाही! कासार जेवत्या ताटावरून उठून आला. हिरवा चुडा भरताना मायचा हात मीच धरला होता. मी माझ्या आईबापाच्या लग्नात अक्षता टाकल्या, असं सांगणारी माझ्यासारखी दुसरी कुणी असेल तर मला जरूर भेटवा.

गुलबर्ग्याला पोचलो तेव्हा गंगाक्कानं दारात शेरभर तांदळाचं माप ठेवलं होतं. मायनं ते पायानं लवंडलं आणि माझ्या त्या एका खोलीत सून म्हणून आत आली, मागून बाप. ओवाळायला सासूच्या जागी मी. खोली एवढीशी, की तिघं बसलो तर पेटी बाहेर काढावी लागायची. स्टोव्हवर भाकरी नीट होत नाही म्हणून माय रोज स्टोव्हला शिव्या घालायची, आणि बाप दाढीचं पाणी आणायला जातानाही "येतो गं" म्हणून जायचा.

पुढं राज्यांची वाटणी झाली. हैदराबाद गेलं, आम्ही म्हैसूरात आलो, आमचे मामेभाऊ मुंबई राज्यात पडले. तुम्ही लोक एकमेकांना विचारायला लागलात, आता आपलं गाव कुणाचं, आपलं घर कुठं? मला विचारलंत तर मी काय सांगणार? पोरीचं घर म्हणजे आधी बापाचं, मग नवऱ्याचं, असं ऐकत मी वाढले. माझं लग्न खूप उशिरा झालं, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्याआधी कितीतरी वर्षं माझं माहेर माझ्याच भाड्याच्या खोलीत नांदत होतं. ड्यूटीवरून येताना आता मी कडी वाजवायची तेव्हा खरंच आतून कुणीतरी "आले आले" म्हणायचं. घर म्हटलं की मला तेवढंच आठवतं, आणि ते खूप आहे.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी दवाखान्यात जायला निघाले होते. गल्लीतल्या नळावर बायकांची रांग, त्यात माय हिरव्या चुड्याचे हात मिरवत घागर घेऊन उभी. बाप तिच्यामागं दुसरी घागर घेऊन. एका बाईनं मायला हळूच विचारलं, "अक्का, हे म्हातारे कोण तुमच्यासंगं?"

माय एवढी लाजली, एवढी लाजली, की मी तिला तशी जन्मात बघितली नव्हती. पदर ओढून म्हणाली, "मालक हायत माझे. नवीनच लगीन झालंय."